पुरस्कारप्राप्त कादंबऱ्यांवर संशोधन करताय? आधी चाळणी बघा



मागच्या उन्हाळ्यात कोपरगावला घरी गेलो होतो. कांदा काढून झाला होता आणि निवडून चाळीत भरायचं काम चालू होतं. तेवढ्यात संध्याकाळी माझी मावसबहीण आली. हातात फाईल, चेहरा पडलेला. ताई एम.ए. मराठी आहे, सेट झालेली आहे आणि चार वर्षांपासून एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते. पीएचडीची प्रवेश परीक्षा झाली, मार्गदर्शकही मिळाले, पण संशोधन मान्यता समितीने तिचा आराखडा परत पाठवला. शेरा एका ओळीचा: ‘साहित्यकृतींच्या निवडीचा निकष स्पष्ट करावा.’

विषय होता ‘पुरस्कारप्राप्त मराठी कथात्म साहित्यातील समकालीन सामाजिक प्रश्न, २००४ ते २०२४’.

ताई म्हणाली, “अरे, पुरस्कार मिळालाय हाच निकष आहे की! अजून काय स्पष्ट करू?”

मी संख्याशास्त्राचा विद्यार्थी. साहित्यातलं मला तिच्याइतकं कळत नाही, तसा दावाही नाही. (आमच्या जिल्ह्यात रंगनाथ पठारे संगमनेरच्या महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवता शिकवता कादंबऱ्या लिहीत होते आणि ‘ताम्रपट’ला १९९९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, पण म्हणून प्रत्येक विज्ञानवाल्याने साहित्यावर बोलावं असं नाही.) तरी तो एका ओळीचा शेरा वाचून मला लगेच कळलं की समितीने दुखऱ्या जागी बोट ठेवलंय. हा प्रश्न मराठीवाल्यांचा एकट्यांचा नाही. तुम्ही रुग्णालयातल्या नोंदींवर काम करा, बँकेच्या कर्जदारांवर करा किंवा गुणवत्ता यादीतल्या मुलांवर करा, अडचण हीच येते. तेव्हा ताईच्या निमित्ताने आज ही गोष्ट नीट समजून घेऊ.

आधी यादी समोर ठेवू

त्या रात्री आम्ही वहीत साहित्य अकादमीच्या मराठी पुरस्कारांची यादी उतरवली. २००४ ते २०२४, एकूण २१ पुस्तकं. मग प्रकारानुसार मोजणी केली.

कादंबऱ्या ६: सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ (२००४), आशा बगे यांची ‘भूमी’ (२००६), श्याम मनोहरांची ‘उत्सुकतेने मी झोपलो’ (२००८), नंदा खरे यांची ‘उद्या’ (२०२०), प्रवीण बांदेकरांची ‘उजव्या सोंडेच्या बाहुल्या’ (२०२२) आणि कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’ (२०२३).

कथासंग्रह ३: जयंत पवार (२०१२), आसाराम लोमटे (२०१६), किरण गुरव (२०२१).

कवितासंग्रह ४. उरलेली ८ म्हणजे समीक्षा, ललित लेखन, चरित्र, आत्मकथन वगैरे.

आता ही वर्षं परत एकदा बघा. २००८ नंतर कादंबरीला पुरस्कार मिळाला तो थेट २०२० चा. म्हणजे २००९ ते २०१९ अशी सलग अकरा वर्षं या यादीत मराठी कादंबरीच नाही.

मी ताईला विचारलं, “या अकरा वर्षांत मराठीत सामाजिक प्रश्नांवर कादंबऱ्या लिहिल्याच गेल्या नाहीत का?”

ती हसली. “भालचंद्र नेमाड्यांची ‘हिंदू’ २०१० ची आहे. आणि ज्या ‘उद्या’ला २०२० चा पुरस्कार मिळाला, ती छापली गेली २०१४ ला.”

आपल्या पहिल्या मुद्द्याला एवढं पुरेसं आहे. साहित्य अकादमी एका भाषेला वर्षाला एकच मुख्य पुरस्कार देते आणि त्या एका जागेसाठी कविता, कथा, समीक्षा, चरित्र, कादंबरी सगळे रांगेत असतात. त्यामुळे यादीत कादंबरी नसण्यावरून कादंबरीबद्दल काहीच सिद्ध होत नाही. त्यातून फक्त त्या वर्षीच्या निवडीबद्दल कळतं.

दुसरी मोजणी ताईनेच केली. २१ पैकी लेखिका किती? दोन. आशा बगे आणि अनुराधा पाटील (२०१९, कवितासंग्रह). सहा कादंबऱ्यांपैकी बाईने लिहिलेली एक. ताई थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “म्हणजे कविता महाजनांची ‘ब्र’ माझ्या प्रबंधात येणारच नाही.”

‘ब्र’ २००५ ची. ग्रामपंचायतीत निवडून आलेल्या बायकांचा, त्यांच्या सरपंचपदाचा आणि त्यामागच्या सत्तेच्या खेळाचा विषय. समकालीन सामाजिक प्रश्नावरची कादंबरी म्हटल्यावर मराठीच्या विद्यार्थ्याला जी पुस्तकं पटकन आठवतात त्यातली एक. कविता महाजन यांना साहित्य अकादमीचा सन्मान मिळाला, पण तो ‘रजई’ या अनुवादासाठी. मुख्य यादीत ‘ब्र’ नाही. आता विचार करा, ताईने तो आराखडा तसाच पुढे नेला असता आणि शेवटच्या प्रकरणात लिहिलं असतं की ‘स्थानिक स्वराज्य संस्थांमधील स्त्रियांचा प्रश्न या काळातील मराठी कादंबरीत अभावानेच आढळतो’, तर? वाक्य प्रबंधात शोभलं असतं, पण ते चुकीचं ठरलं असतं. कादंबरी लिहिलेली होती. ताईची खिडकी भलत्या भिंतीला होती.

कांद्याची ट्रॉली

आमच्या भागातल्या कोणालाही हे कांद्यावरून लगेच कळेल. चाळीत भरायच्या आधी कांदा निवडतात. गोल्टी वेगळी, जोड कांदा वेगळा, सडका बाजूला आणि चांगला माल वेगळा. समजा, मला शोधायचंय की अवकाळी पावसाने या वर्षी कांद्याचं किती नुकसान झालं. मी बाजार समितीत गेलो, एक नंबर मालाच्या पन्नास ट्रॉल्या तपासल्या आणि लिहिलं, ‘सडलेला कांदा जवळजवळ नाही, सबब नुकसान नगण्य.’ वडील मला घराबाहेर काढतील! सडका कांदा बांधावर पडलाय. तो बाजार समितीपर्यंत आलेलाच नाही.

यालाच सिलेक्शन बायस म्हणतात. मराठीत निवडीमुळे येणारा कल म्हणू. ज्या गोष्टीबद्दल बोलायचंय तो सगळा समूह म्हणजे समष्टी, आणि त्यातून आपण तपासायला घेतलेला भाग म्हणजे नमुना. नमुना लहान असला तरी चालतं. तो कोणत्या वाटेने आपल्या हातात आला ते माहीत नसेल, तर मात्र चालत नाही.

पुरस्कारांची यादी हा असाच निवडलेला माल आहे. तिच्यात वाईट काही नाही. निवडणं हेच पुरस्काराचं काम. चूक तेव्हा होते, जेव्हा आपण निवडलेल्या मालावरून वावराबद्दल बोलतो.

चाळणीला थर किती?

पुस्तक लेखकाच्या टेबलावरून पुरस्काराच्या यादीत जाईपर्यंत किती ठिकाणी गळू शकतं, ते आम्ही कागदावर काढलं. तुम्हीही तुमच्या विषयासाठी असा कागद करा.

एक, छापलं जाणं. हस्तलिखित प्रकाशकापर्यंत पोचलं पाहिजे आणि त्याने घेतलं पाहिजे. गावाकडचे कित्येक लेखक पदरचे पैसे घालून पुस्तक काढतात आणि गठ्ठे घरातच राहतात.

दोन, पोचवलं जाणं. राज्य शासनाच्या यशवंतराव चव्हाण वाङ्मय पुरस्कारांसाठी लेखक-प्रकाशकांकडून प्रवेशिका मागवतात. ज्याने पाठवलंच नाही, त्याचं पुस्तक परीक्षकासमोर जात नाही. इथे पुस्तकाच्या दर्जाचा संबंधच नाही. जाहिरात वेळेवर दिसली का, प्रती पाठवायला कोणी होतं का, एवढाच प्रश्न.

तीन, कालमर्यादा. २०२० च्या साहित्य अकादमी पुरस्कारासाठी १ जानेवारी २०१४ ते ३१ डिसेंबर २०१८ या काळात पहिल्यांदा प्रसिद्ध झालेली पुस्तकं पात्र होती. म्हणजे पुरस्काराचं वर्ष आणि पुस्तकाचं वर्ष वेगळं असतं. ‘२०२० मधील सामाजिक प्रश्न’ म्हणून ‘उद्या’कडे बोट दाखवलं तर सहा वर्षांची चूक झाली.

चार, प्रकार आणि व्याख्या. अकादमीचा निकष साहित्यिक गुणवत्ता हा आहे, सामाजिक प्रश्नाची अट तिथे नाही. आमच्या कोपरगावात भि. ग. रोहमारे ट्रस्ट दरवर्षी राज्यस्तरावर ग्रामीण साहित्य पुरस्कार देतो. कादंबरी, कथा, कविता, समीक्षा असे वेगळे विभाग असतात. त्यामुळे इथे कादंबरीला कवितेशी झगडावं लागत नाही, पण ‘ग्रामीण’ या शब्दातून पार व्हावं लागतं. मग शेती विकून पुण्यात गाडीवरून जेवणाची पार्सलं पोचवणाऱ्या मुलाची कादंबरी ग्रामीण की नागर? यावर दोन परीक्षकांची दोन मतं होऊ शकतात, आणि ते मतच तुमच्या नमुन्याला आकार देतं.

पाच, परीक्षक. अकादमीत शेवटचा निर्णय तीन जणांच्या समितीचा असतो. तीन माणसांची आवड, वाचन आणि त्या दिवशीची चर्चा. यात कोणावर आरोप नाही. तीन जणांच्या निर्णयात योगायोगाचा वाटा मोठा असतो, एवढंच संख्याशास्त्र सांगतं.

सहा, जाहीर होणं आणि स्वीकारणं. नंदा खरे यांनी मार्च २०२१ मध्ये पुरस्कार जाहीर झाल्यावर तो नम्रपणे नाकारला. डिसेंबर २०२२ मध्ये राज्य शासनाने अनघा लेले यांच्या एका अनुवादाला जाहीर केलेला पुरस्कार काही दिवसांतच रद्द केला आणि त्यानंतर काही लेखकांनी आपले पुरस्कार नाकारले. ते पुस्तक कादंबरी नव्हतं, पण आपला मुद्दा तिथेही लागू होतो. ‘पुरस्कारप्राप्त’ या शब्दात ‘निवडलं गेलं’, ‘जाहीर झालं’, ‘दिलं गेलं’ आणि ‘स्वीकारलं’ या चार वेगळ्या गोष्टी आहेत. तक्त्यात त्यांना चार वेगळे रकाने द्या.

एक गंमत, जी प्रबंध बुडवू शकते

आतापर्यंतचं तसं सोपं होतं. आता जो भाग सांगतोय तिथे चांगले चांगले फसतात, म्हणून जरा सावकाश वाचा.

सामाजिक प्रश्नांवरच्या कादंबऱ्यांबद्दल एक तक्रार तुम्ही ऐकली असेल: ‘विषय दमदार असतो, पण लेखन कच्चं असतं.’ पुरस्कारांची यादी घेऊन कोणी हे तपासायला बसलं, तर त्याला तसं ‘सिद्ध’ही करता येईल. प्रत्यक्षात तसं काहीच नसलं तरी!

कसं ते बघा. समजा, एका काल्पनिक वर्षात १०० कादंबऱ्या आल्या. निम्म्यांचा सामाजिक विषय दमदार आहे. निम्म्यांचं लेखन दमदार आहे. आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. मग चार गट पडतील, प्रत्येकी २५ चे:

विषय दमदार, लेखन दमदार: २५
विषय दमदार, लेखन साधारण: २५
विषय साधारण, लेखन दमदार: २५
विषय साधारण, लेखन साधारण: २५

आता परीक्षक म्हणतात, दोन्हीपैकी किमान एक गोष्ट दमदार हवी. शेवटचा गट गळाला. चाळणीतून ७५ कादंबऱ्या पुढे आल्या. (खऱ्या आयुष्यात इतक्या येत नाहीत, पण हिशोब समजायला हे बरं.)

या ७५ मध्ये विषय दमदार असलेल्या ५०. त्यातल्या २५ चं लेखन दमदार, म्हणजे निम्म्यांचं. विषय साधारण असलेल्या २५. त्यांचं लेखन सगळ्यांचंच दमदार, शंभर टक्के!

म्हणजे फक्त पुढे आलेली पुस्तकं वाचणाऱ्याला दिसतं की सामाजिक विषय आला की लेखन घसरतं. मूळ शंभरात मात्र असा संबंध नव्हता. तो चाळणीने तयार केला, कारण जिथे दोन्ही साधारण होतं ती पुस्तकं आपल्या नजरेआड गेली.

संख्याशास्त्रात याला बर्कसनचा विरोधाभास म्हणतात. जोसेफ बर्कसन यांनी १९४६ मध्ये रुग्णालयातल्या नोंदींबद्दल हे दाखवून दिलं. दोन असंबंधित आजार फक्त दाखल झालेल्या रुग्णांमध्ये बघितले, तर त्यांचा खोटा संबंध दिसू शकतो. कारण दाखल होण्यासाठी दोन्हीपैकी काहीतरी असावं लागतं.

हे ऐकून ताई म्हणाली, “म्हणजे आमच्या चर्चासत्रात दरवर्षी जे भांडण होतं ना, सामाजिक विरुद्ध कलात्मक...”

“...ते कदाचित निम्मं चाळणीचं भांडण असेल,” मी म्हणालो. ‘कदाचित’ हा शब्द महत्त्वाचा. ती तक्रार खोटीच आहे असं मी म्हणत नाही. फक्त पुरस्कारप्राप्त पुस्तकं बघून ती खरी की खोटी हे ठरवता येत नाही, एवढंच माझं म्हणणं.

बाहेर काय करतात?

काही देशांत सामाजिक किंवा राजकीय प्रश्नावरचं कथात्म लेखन हाच निकष असलेले पुरस्कार आहेत. अमेरिकेत कादंबरीकार बार्बरा किंगसॉल्व्हर यांनी २००० मध्ये सुरू केलेला बेलवेदर पुरस्कार सामाजिक भान असलेल्या कादंबरीसाठी, तोही अप्रकाशित हस्तलिखिताला. म्हणजे तिथे चाळणीचा क्रमच उलटा, आधी पुरस्कार आणि मग छपाई. ब्रिटनमध्ये राजकीय कथात्म साहित्याचा ऑरवेल पुरस्कार २०१९ पासून दिला जातो. पहिला मिळाला ॲना बर्न्स यांच्या ‘मिल्कमन’ला, जिला आदल्या वर्षी बुकर मिळालं होतं.

यातून एक सूचना घ्या. पुरस्कार पुरस्काराला ओढतो. तीन संस्थांच्या याद्या एकत्र केल्या म्हणजे नमुना तिप्पट झाला असं नाही. तेच पुस्तक तीनदा मोजलं जाऊ शकतं, आणि दुसऱ्या समितीच्या परीक्षकांना पहिल्या समितीचा निर्णय माहीत असतो.

पुरस्कारांवर चांगलं संशोधन कसं करतात याचा एक नमुना सांगतो. बालाज कोवाक्स आणि अमांडा शार्की यांचा २०१४ मधला अभ्यास आहे. प्रश्न असा: पुरस्कार मिळाल्यावर वाचकांना पुस्तक जास्त आवडतं का? त्यांनी नुसती विजेती पुस्तकं घेतली नाहीत. विजेत्यांसोबत त्याच पुरस्कारांच्या अंतिम यादीत येऊन मागे राहिलेली पुस्तकं घेतली. एकूण ६४ इंग्रजी पुस्तकं आणि गुडरीड्सवरचे ३८,८१७ वाचक-अभिप्राय. निष्कर्ष गमतीदार होता. पुरस्कारानंतर वाचक वाढले, पण विजेत्या पुस्तकांचं सरासरी मानांकन, मागे राहिलेल्यांच्या तुलनेत, घसरलं. एक कारण असं की नाव ऐकून असे वाचकही आले, ज्यांना एरवी त्या प्रकारचं पुस्तक आवडलं नसतं.

निष्कर्षापेक्षा त्यांची युक्ती लक्षात ठेवा. विजेता आणि अंतिम यादीत थांबलेलं पुस्तक ही दोघं चाळणीच्या जवळजवळ सगळ्या थरांतून सारखीच गेलेली असतात. फरक शेवटच्या पायरीचा. म्हणून त्यांची तुलना न्याय्य ठरते.

मग ताईने काय करावं?

आम्ही तीन वाटा काढल्या. तुमच्याही विषयाला यातली एखादी बसेल.

पहिली वाट, प्रश्नच बदलायचा. ‘मराठी कादंबरीत सामाजिक प्रश्न कसे येतात’ याऐवजी ‘पुरस्कार देणाऱ्यांनी सामाजिक प्रश्न कोणते मानले’ असं विचारायचं. मग यादी हा नमुना राहत नाही, तोच अभ्यासविषय होतो आणि निवडीचा कल ही अडचण न राहता उत्तराचा भाग बनतो. उदाहरणार्थ, १९९२ ला पुरस्कार मिळालेली विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’ आणि २०२३ ची ‘रिंगाण’, दोन्ही धरणग्रस्तांच्या विस्थापनाशी जोडलेल्या. एकतीस वर्षांनी तोच प्रश्न पुन्हा निवडला गेला, तर दरम्यान त्याच्याकडे बघण्याची नजर बदलली का? हा विचारण्याजोगा प्रश्न आहे. यासाठी निवेदनं, मानपत्रं, समारंभातली भाषणं, वर्तमानपत्रांतल्या बातम्या ही साधनं. कोपरगावच्या विद्यार्थ्याला तर रोहमारे पुरस्कारांची परंपरा घराजवळ आहे. एका गावातल्या ट्रस्टने ‘ग्रामीण’ची व्याख्या वर्षानुवर्षं कशी केली, यावर आख्खा प्रबंध होईल.

दुसरी वाट, तुलना. प्रत्येक पुरस्कारप्राप्त कादंबरीसोबत त्याच काळातली, त्याच विषयाची, पुरस्कार न मिळालेली एक कादंबरी घ्यायची. जोडी कशी लावली, त्याचा नियम आधी लिहून ठेवायचा. वाचून झाल्यावर नियम ठरवला तर आपण आपल्याला हवं तेच निवडतो. स्वतःच्या अनुभवावरून सांगतोय, मोह फार होतो.

तिसरी वाट, वावरापर्यंत जायचं. म्हणजे पुरस्काराशी संबंध नसलेली पुस्तकांची पूर्ण सूची मिळवायची आणि तिच्यातून चिठ्ठ्या टाकून नमुना काढायचा. अशी सूची असते का? १९५० पर्यंतच्या मराठी पुस्तकांसाठी शंकर गणेश दाते यांची सूची आहे. एका माणसाने ध्यास घेऊन केलेलं ते काम बघितलं तरी संशोधनाची लाज आणि उमेद दोन्ही वाटतात. पुढच्या काळासाठी १९५४ चा कायदा कामाला येतो. त्यानुसार देशातल्या प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांना द्यायची असते, त्यात मुंबईचंही आहे. या प्रतींवरून राष्ट्रीय ग्रंथसूची तयार होते. सगळे प्रकाशक प्रती पाठवतातच असं नाही, म्हणजे ही पण चाळणीच. पण तिची भोकं वेगळ्या आकाराची आहेत. जोडीला तालुक्याच्या वाचनालयाचं दाखल रजिस्टर बघा, तिसरी चाळणी मिळेल. तिन्हीतून जे एकसारखं दिसतं त्यावर जास्त विश्वास ठेवता येतो.

ताईचं काय झालं

तिने दुसरी वाट धरली, पहिलीचा थोडा भाग घेऊन. आता विषय असा आहे: ‘साहित्य अकादमी पुरस्कारप्राप्त आणि पुरस्काराबाहेरील निवडक मराठी कादंबऱ्यांतील सामाजिक प्रश्नांचा तौलनिक अभ्यास’. ‘ब्र’ आत आली. निवडीच्या निकषावर दीड पान लिहिलं आणि चाळणीच्या सहा थरांचा तक्ता जोडला. शेवटी मर्यादांचा एक परिच्छेद टाकला, या अभ्यासावरून काय म्हणता येईल आणि काय म्हणता येणार नाही ते सांगणारा. तो तिला आधी कमीपणाचा वाटत होता. “आपणच आपली उणी बाजू कशाला दाखवायची?” मी म्हटलं, ताई, समितीला ती दिसतेच. आपल्यालाही दिसलीय, एवढं त्यांना कळू दे.

पुढची बैठक अजून व्हायची आहे. मान्यता मिळाली नाही तर नोंदणी लांबेल आणि अजून एक वर्ष तासिका तत्त्वावर जाईल, ही भीती आहेच. पण तिच्या बोलण्यात आता वेगळाच विषय असतो. आमचं गाव कालव्याच्या शेवटाला. आवर्तन सुटलं तरी टेलपर्यंत पाणी येईल का, याची दर उन्हाळ्यात चिंता. ती म्हणते, धरणात ज्याचं गाव गेलं त्याच्यावरच्या कादंबऱ्या यादीत आहेत. ज्याच्या वावरापर्यंत ते पाणी पोचलंच नाही, त्याच्यावर कोणी लिहिलंय का, ते मला शोधायचंय. लिहिलं असेल तर ते कुठे अडकलं? छापताना, पाठवताना की परीक्षकाच्या टेबलावर?

तुम्ही आराखडा लिहीत असाल तर आज एवढंच करा. एक कोरा कागद घ्या. डावीकडे तुमची समष्टी लिहा, उजवीकडे तुमच्या हातात आलेला नमुना, आणि मधे किती ठिकाणी गळती होते ते बाणाने दाखवा. प्रत्येक बाणाखाली लिहा, इथे कोण गळतं आणि का. उत्तर माहीत नसेल तर प्रश्नचिन्ह टाका. मग तो कागद घेऊन मार्गदर्शकांकडे जा. समितीने विचारायच्या आधी ते विचारतील.

पुढच्या वेळी जोडी लावून तुलना करताना नियम कसे ठरवायचे, ते उदाहरणासह बघू. तोवर चाळीतला कांदा एकदा खालीवर करून येतो, वडिलांची हाक आलीय.